अणुबाँबचा वापर व जपानची शरणागती (वाद)

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेने हिरोशिमा (६ ऑगस्ट १९४५) व नागासाकी (९ ऑगस्ट) या शहरांवर टाकलेल्या अणुबाँबमुळेच जपान शरण आला काय, आणि ते टाकणे अपरिहार्य होते काय, यांविषयी इतिहासकारांत चाललेला वाद. या दोन प्रश्नांची गल्लत नेहमी होते. बाँबमुळे युद्ध थांबले असे मानले, तरी दुसरा मार्ग नव्हता असे त्यातून सिद्ध होत नाही. १९४५ अखेरपर्यंतच्या मृतांची संख्या हिरोशिमात सु. १,४०,००० व नागासाकीत सु. ७०,००० मानतात, दोन्ही आकडे अंदाजाचेच आहेत.

अमेरिकी समर्थनाची रूढ मांडणी माजी युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांच्या फेब्रुवारी १९४७ मधील लेखाने पक्की झाली. जपानवर स्वारी करावी लागली असती, तर एकट्या अमेरिकी सैन्याचे दहा लाखांवर सैनिक हताहत झाले असते, असे त्यांनी लिहिले. हताहतांत जखमीही मोडतात. पुढील लेखनात मात्र हा आकडा सर्रास मृतांचा म्हणून वापरला गेला. जून १९४५ मधील एका अमेरिकी लष्करी टिपणात क्यूशू (जपानचे दक्षिणेकडील बेट) व नंतर टोकिओ परिसरावरील स्वारीसाठी सु. १,९३,५०० हताहत व त्यांपैकी सु. ४०,००० मृत असा अंदाज होता. स्वारीची तारीख १ नोव्हेंबर ठरली होती. दहा लाखांच्या आकड्याला तत्कालीन कागदपत्रांत भक्कम आधार दिसत नाही, असे इतिहासकार बार्टन बर्नस्टाइन यांनी दाखविले. उलट, जुलैमध्ये पकडलेल्या जपानी संदेशांवरून क्यूशूतील सैन्य झपाट्याने वाढत असल्याचे कळल्यामुळे जूनचे अंदाज कालबाह्य ठरले होते, हा इतिहासकार रिचर्ड फ्रँक यांचा आक्षेपही वजनदार आहे.

बाँब नसता तरी १९४५ संपण्यापूर्वी जपान शरण आला असता, असा निष्कर्ष अमेरिकेच्याच बाँबहल्ला-सर्वेक्षणाने १९४६ मध्ये काढला. मात्र सर्वेक्षणाने घेतलेल्या जपानी नेत्यांच्या जबान्या त्याला पुरेसा आधार देत नाहीत. बाँब टाकण्यामागचा खरा रोख सोव्हिएट संघावर दडपण आणण्याचा होता, असे ब्रिटिश भौतिकीविज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट (१९४८) व नंतर गार आल्पेरोव्हिट्स (१९६५) यांनी मांडले. असा विचार वॉशिंग्टनमध्ये होता, पण तो मुख्य हेतू होता असे आता फारसे कोणी मानत नाही.

अलीकडचा वाद टोकिओतील काही तासांभोवती फिरतो. निर्णय सहा जणांच्या सर्वोच्च युद्धमंडळाच्या हाती होता. परराष्ट्रमंत्री तोगो ८ ऑगस्टला सम्राटांना भेटले. त्याच वेळी सम्राटांनी युद्ध थांबविण्याची इच्छा व्यक्त केली, असे मानून इतिहासकार सादाओ आसादा हिरोशिमावरील बाँबला महत्त्व देतात. सोव्हिएट सैन्य ९ ऑगस्टच्या पहाटे जपानच्या ताब्यातील मांचुरियात (ईशान्य चीन) घुसले. इतिहासकार त्सुयोशी हासेगावा (२००५) यांच्या मते, मॉस्कोच्या मध्यस्थीने तह करण्याची जपानची आशा त्यामुळे संपणे हेच निर्णायक ठरले. त्या सकाळी मंडळाची बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आली, तरीही शरणागतीच्या अटींवरून मते तीन विरुद्ध तीन राहिली. मध्यरात्रीनंतर सम्राटांनी शरणागतीच्या बाजूने कौल दिला. १५ ऑगस्टला नभोवाणीवरून प्रसृत झालेल्या राजाज्ञेत नव्या क्रूर बाँबचा उल्लेख आहे. सैनिकांसाठीच्या १७ ऑगस्टच्या आज्ञेत सोव्हिएट युद्धप्रवेश आहे, बाँब नाही. श्रोता पाहून कारण निवडलेले दिसते. त्यामुळे या दोन दस्तऐवजांवर फार भार टाकणे सयुक्तिक नाही. हिरोशिमा व सोव्हिएट युद्धप्रवेश हे दोन्ही आघात तीन दिवसांत आल्याने ते वेगळे काढणे अवघड आहे. नागासाकीचा परिणाम मात्र सर्वांत कमी असावा. दुसऱ्या बाँबसाठी वेगळा निर्णयही झाला नव्हता : २५ जुलैच्या आदेशातच बाँब तयार होतील तसे टाकण्याची मुभा होती. पुढील वापर आपल्या स्पष्ट अनुमतीखेरीज होऊ नये, असे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १० ऑगस्टला ठरविले.

पर्यायांपैकी, शहराऐवजी निर्जन जागी बाँबचे प्रात्यक्षिक दाखविण्याची सूचना शास्त्रज्ञ जेम्स फ्रँक यांच्या समितीच्या अहवालाने (जून १९४५) केली. बाँबनिर्मितीतील प्रमुख शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांच्या वैज्ञानिक सल्लागार गटाला ती पटली नाही. सम्राटपद राखण्याची हमी हा अधिक गंभीर पर्याय होता. जपानला शरण येण्यास सांगणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या पॉट्सडॅम घोषणेच्या मसुद्यातील तसा मजकूर अंतिम रूपात (२६ जुलै) वगळला गेला. तथापि जपानी सेनानींना परकीय ताबा टाळणे आणि निःशस्त्रीकरण व युद्धगुन्ह्यांचे खटले आपल्याच हाती ठेवणे हेही हवे होते. त्यामुळे केवळ हमीने काम भागले असते, असे म्हणणे धाडसाचे होईल.

जपानी नेत्यांवरील युद्धगुन्ह्यांच्या टोकिओ खटल्यातील आपल्या भिन्नमतात भारतीय न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी या बाँबवापरावर कठोर टीका केली. टोकिओ जिल्हा न्यायालयाने ७ डिसेंबर १९६३ रोजी हे हल्ले आंतरराष्ट्रीय विधीविरुद्ध ठरविले, पण वादी असलेल्या बाँबपीडितांचा भरपाईचा दावा फेटाळला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या ८ जुलै १९९६ च्या सल्लामताप्रमाणे अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणतः विधीविरुद्ध होय. राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागले असता काय, याचा निर्णय न्यायालयाने दिला नाही. या मुद्द्यावर सात विरुद्ध सात मते पडून अध्यक्षांचे निर्णायक मत घ्यावे लागले.