प्रदेशनिष्ठ प्रजाती

प्रदेशनिष्ठ प्रजाती : निसर्गतः एकाच भूभागात आढळणारी आणि जगात अन्यत्र कुठेही न आढळणारी वनस्पती वा प्राणी. हा भूभाग देशाएवढा मोठा असतो, तसाच एखाद्या डोंगरमाथ्याएवढा लहानही. त्यामुळे ‘कशापुरती’ हे सांगितल्याशिवाय संज्ञा अर्धवट राहते. शेकरू भारतापुरते प्रदेशनिष्ठ आहे. वायतुरा ही पाणवनस्पती साताऱ्याच्या पश्चिमेकडील मोजक्या सड्यांपुरती, म्हणजे उघड्या कातळपठारांपुरती.

वायतुऱ्याचे शास्त्रीय वर्णन १९८२ साली झाले. ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस या त्याच्या नावातच सातारा आहे. तो उगवतो ते साताऱ्याजवळचे कास पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर. जांभ्या कातळावर मातीचा थर जेमतेम. पावसाळ्यात खळग्यांत उथळ पाणी साचते, उन्हाळ्यात तोच कातळ भाजून निघतो. वायतुऱ्याचा कंद कोरडे महिने जमिनीत काढतो आणि पाऊस लागला की पाण्याबाहेर दुफाट्याचा तुरा काढतो. पठारांमध्ये खोल दऱ्या असल्याने एकेक माथा समुद्रातल्या बेटासारखा वेगळा पडलेला आहे. अशा एकलेपणात पिढ्यान्‌पिढ्या वाढताना नव्या प्रजाती घडतात. कधी एके काळी दूरवर पसरलेली जात इतरत्र संपून एका कोपऱ्यात तेवढी उरते, तीही प्रदेशनिष्ठच.

दुर्मीळ आणि प्रदेशनिष्ठ यांची सर्रास गल्लत होते, आणि ती टाळायलाच हवी. कासला पर्यटक वाकून वाकून पाहतात ते दवबिंदू हे कीटकभक्षी रोपटे भारताबाहेर दूरवरच्या देशांतही उगवते. याउलट कारवी ही झुडपी वनस्पती घाटउतारांवर मैलोन्‌मैल माजलेली असते, घरांच्या कुडांना तिच्याच काठ्या वापरत आले आहेत. पण ती भारताबाहेर निसर्गतः आढळत नाही. लागवडीने झालेला प्रसार यात धरत नाहीत. साताऱ्यात १ मे रोजी ज्याचा दिवस साजरा होतो तो गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आणि तिथलाच प्रदेशनिष्ठ.

संवर्धनात या संज्ञेला फार वजन आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा ठरली, त्यामागे प्रदेशनिष्ठ प्रजातींची विपुलता हे मोठे कारण होते. साताऱ्यातील कास व कोयना आणि सांगलीकडील चांदोली त्यांत आहेत. वारशाच्या हद्दीबाहेरही असे अनेक सडे आहेत. तिथे रस्ता, खाण वा बांधकाम ठरवताना जिल्ह्यात ती वनस्पती किती दिसते एवढे पाहून भागत नाही. तिचा जगभरातला सगळा अधिवास त्याच चार-दोन माथ्यांवर असू शकतो.