कोंबालूच्या भेगांमधला वारा : रोकफोर गावाचा वारसा

दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरों जिल्ह्यात कोंबालू नावाचं चुनखडकाचं पठार आहे. त्याच्या उत्तरेकडच्या उतारावर, कोसळलेल्या कड्याला पाठ लावून रोकफोर-स्युर-सुलझों हे गाव वसलं आहे. वस्ती जेमतेम पाच-सहाशे. इथे ना मोठा किल्ला आहे, ना नावाजलेलं चर्च. गावाची खरी मालमत्ता रस्त्याच्या पातळीखाली आहे. घरांच्या आणि कारखान्यांच्या तळाशी मजल्यामागून मजले खाली उतरत जाणाऱ्या गुहा आहेत आणि त्या गुहांमध्ये जगभर विकलं जाणारं रोकफोर चीज पिकतं. हे चीज याच गावात का पिकतं, याचं उत्तर आधी भूगर्भशास्त्रात शोधावं लागतं.

कोंबालूचा वरचा भाग ज्युरासिक काळातल्या चुनखडकाचा आहे आणि त्याच्याखाली मार्लचे, म्हणजे चिकणमाती मिसळलेल्या चुनखडीचे थर आहेत. चुनखडकाला भेगा असल्यामुळे पावसाचं पाणी त्यातून सहज खाली जातं, पण मार्लपाशी अडतं. पाणी धरून मार्ल मऊ आणि निसरडा होतो आणि वरच्या जड खडकाचा आधार सुटतो. प्रागैतिहासिक काळात अशाच प्रकारे पठाराची उत्तर कड तुटून खाली घसरली. सुमारे २ किलोमीटर लांब आणि ३०० मीटर रुंद पट्ट्यात प्रचंड शिळा एकमेकींवर कलून पडल्या. त्यांच्यामध्ये ज्या पोकळ्या राहिल्या त्या आजच्या गुहा. पोकळ्यांपासून वर पृष्ठभागापर्यंत जाणाऱ्या अरुंद भेगांना स्थानिक लोक ‘फ्लरीन’ म्हणतात.

फ्लरीन म्हणजे निसर्गानं घडवलेली वायुवीजनाची यंत्रणा. उन्हाळ्यात बाहेरची गरम हवा भेगांमध्ये शिरते, ओल्या, थंड दगडाला घासत गार होते, जड होते आणि खाली उतरून गुहांमध्ये बाहेर पडते. वाटेत दगडावरच्या पाण्याचं बाष्पीभवन होतं, त्यानं ती आणखी थंड आणि दमट होते. हिवाळ्यात दिशा उलटते : गुहेतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि म्हणून हलकी असते, ती भेगांतून वर चढते आणि तिची जागा बाहेरची हवा घेते. दगडाचं वस्तुमान इतकं मोठं आहे की ऋतूंचे चढउतार त्यात विरून जातात. परिणामी गुहांचं तापमान वर्षभर साधारण ८ ते १२ अंश सेल्सियस राहतं आणि आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास. अठराव्या शतकाच्या अखेरीस शाप्ताल या रसायनशास्त्रज्ञानं या गुहांच्या थंडाव्यावर निरीक्षणं लिहिली होती. फ्लरीनच्या तोंडाला लाकडी झडप किंवा दार असतं. ते किती उघडायचं हे गुहाप्रमुख रोज बाहेरची हवा पाहून ठरवतात. दार फार उघडं राहिलं तर चीज वरून वाळून तडकतं, बंद राहिलं तर हवा कोंदते आणि पृष्ठभागावर चिकट थर चढतो.

आता दुधाकडे वळू. रोकफोरसाठी फक्त लाकोन जातीच्या मेंढीचं कच्चं, सायीसकट दूध चालतं. गायीच्या दुधात स्निग्धांश साधारण ४ टक्के असतो, मेंढीच्या दुधात ७ टक्क्यांच्या आसपास. प्रथिनंही जवळजवळ दीडपट ते पावणेदोनपट जास्त असतात. पिवळसर रंग देणारं कॅरोटीन जवळपास नसल्यामुळे चीज पांढरंशुभ्र दिसतं. कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही मध्यम साखळीची मेदाम्लं त्यात भरपूर असतात आणि रोकफोरच्या तिखटपणाचं मूळ त्यांच्यात आहे. मेंढ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला वितात, त्यामुळे दुधाचा हंगाम साधारण डिसेंबर ते जुलै एवढाच. एक किलो चिजाला सुमारे साडेचार लिटर दूध लागतं.

दूध काढल्यापासून ४८ तासांच्या आत ते विरजावं लागतं. २८ ते ३४ अंशांना त्यात जिवाणूंचं विरजण, निळ्या बुरशीचे बीजाणू आणि दूध घट्ट करणारं रेनेट घालतात. या जिवाणूंमध्ये ल्यूकोनोस्टॉक असणं महत्त्वाचं. हे जिवाणू आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतात आणि त्या वायूमुळे गोळ्याच्या आत बारीक पोकळ्या तयार होतात. दूध घट्ट झालं की त्याचे हेझलनटएवढे तुकडे कापतात, हलवून निवळी सुटू देतात आणि भोकांच्या साच्यांत भरतात. इथे एक नियम कसोशीनं पाळतात : गोळा दाबायचा नाही. दाबला तर पोकळ्या मिटतात आणि बुरशीला वाढायला जागा राहत नाही. निवळी आपल्या वजनानं निथळावी म्हणून साचे दिवसातून अनेकदा उलटवतात. निथळणं अपुरं राहिलं तर चीज ओलं, गचगचीत होतं आणि पुढे पाडलेली छिद्रं खचून बुजतात.

मग जाड समुद्री मीठ हातानं किंवा यंत्रानं सगळ्या बाजूंना चोळतात, काही दिवसांनी पुन्हा एकदा. मीठ हळूहळू आत झिरपतं. नको ते जिवाणू मागे पडतात आणि मीठ सोसणारी निळी बुरशी टिकते. तयार गोल १९ ते २० सेंटिमीटर व्यासाचा, साडेआठ ते साडेअकरा सेंटिमीटर उंचीचा आणि अडीच ते तीन किलो वजनाचा असतो.

बुरशीचं नाव पेनिसिलियम रोकफोर्टी. अमेरिकी कवकशास्त्रज्ञ चार्ल्स थॉम यांनी १९०६ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं. कमी ऑक्सिजन आणि जास्त कार्बन डायऑक्साइड असलेल्या जागी वाढण्यात ती इतर बहुतेक बुरशींपेक्षा सरस आहे. मात्र थोडासा ऑक्सिजन तिलाही लागतोच. म्हणून गुहेत नेताना प्रत्येक गोल लांब सुयांच्या यंत्राखाली धरून त्याला आरपार डझनावारी छिद्रं पाडतात. छिद्रांमधून आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि गुहेची हवा आत शिरते. टोचायचं राहिलेलं चीज आतून पांढरंच राहतं. कापलेल्या रोकफोरमध्ये दिसणाऱ्या उभ्या निळ्या-हिरव्या रेघा या सुयांच्याच वाटा आहेत आणि तो रंग बीजाणूंचा आहे.

गुहेत गोल ओकच्या फळ्यांवर, कडेवर उभे, एकमेकांना न टेकता ठेवतात. इथे उघड्यावर किमान १४ दिवस काढावे लागतात. या काळात बुरशीची वितंचकं (एन्झाइम) स्निग्धांश तोडून मेदाम्लं मोकळी करतात, मग त्यांचं रूपांतर मिथाइल कीटोन या वासाच्या संयुगांमध्ये होतं. त्यातलं २-हेप्टॅनोन हे निळ्या चिजाच्या ओळखीच्या वासाचं मुख्य कारण. प्रथिनंही तुटत जातात आणि ठिसूळ गोळा लोण्यासारखा मऊ होतो. बुरशी हवी तेवढी पसरली की गोल कथलाच्या पातळ पत्र्यात घट्ट गुंडाळतात. हवा तुटते, बुरशीची वाढ थांबते, पण वितंचकांचं काम थंडीत संथपणे चालूच राहतं. बनवल्यापासून किमान ९० दिवस झाल्याशिवाय रोकफोर विकता येत नाही. गुंडाळायला उशीर झाला तर बुरशी स्निग्धांश फार खाते आणि चव साबणासारखी, कडवट होते.

या गावाच्या इतिहासात कायद्याचा भाग मोठा आहे. रोमन लेखक प्लिनीनं या भागातल्या चिजाची स्तुती केली होती, तिचा संबंध रोकफोरशी जोडायची पद्धत आहे. पण प्लिनीनं लोझेर आणि झेवोदां या शेजारच्या मुलखाचं नाव घेतलं आहे, त्यामुळे तो दावा मला कच्चा वाटतो. ठोस पुरावा १४११ चा. त्या वर्षी राजा सहाव्या शार्लनं चीज पिकवण्याचा एकाधिकार रोकफोरच्या रहिवाशांना दिला. १६६६ मध्ये तुलूझच्या न्यायपीठानं नकली रोकफोर विकणाऱ्यांवर दंड बसवला. २६ जुलै १९२५ च्या कायद्यानं रोकफोर हे उत्पत्तिस्थानाच्या नावाचं संरक्षण मिळालेलं पहिलं फ्रेंच चीज ठरलं. आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनामागची कल्पना तीच. १९६१ मध्ये जवळच्या मियो शहरातल्या न्यायालयानं आणखी नेमका निकाल दिला : पद्धत कुणीही वापरावी, पण कोंबालूच्या नैसर्गिक गुहांमध्ये पिकलेल्या चिजालाच रोकफोर म्हणता येईल. भूस्खलनाच्या हद्दीवर कायद्यानं शिक्का मारला तो असा. युरोपीय संघाचं संरक्षण १९९६ पासून आहे. आज सात उत्पादक हे नाव वापरतात.

दूध मात्र दूरवरून येतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मागणी इतकी वाढली की कॉर्सिका बेटावरही न पिकवलेले पांढरे गोल बनवून जहाजानं इथे आणले जात. गुहांमधलं काम बायका करत. त्यांना ‘काबान्येर’ म्हणत. मीठ चोळणं, खरवडणं, गोल उलटणं, तेही वर्षभर थंड ओलीत, पायात लाकडी बूट घालून. १९०७ मध्ये त्यांनी संप केला. पर्यटकांना दाखवल्या जाणाऱ्या गुहांमध्ये शिळा आणि झडपा जितक्या लक्षात राहतात, तितकंच या स्त्रियांचं कसबही सांगितलं जायला हवं.

गोमांसातल्या संप्रेरकांवरून युरोप-अमेरिका वाद पेटला तेव्हा अमेरिकेनं १९९९ मध्ये रोकफोरवर १०० टक्के आयातशुल्क लावलं आणि इथल्या मेंढपाळांनी मियोत चाललेलं मॅकडोनाल्डचं बांधकाम मोडून त्याला उत्तर दिलं. सहाशे वस्तीच्या गावाचं नाव जागतिक व्यापाराच्या बातम्यांत आलं ते तेव्हा.

वारशाचा सर्वांत नाजूक भाग मात्र बुरशीच आहे. पूर्वी बीजाणू पावावर वाढवत. गहू आणि राय या धान्यांचा मोठा पाव कडक कवचाचा, पण आतून ओलसर भाजायचा, गुहेत महिना-दोन महिने ठेवायचा आणि आतला निळा गर वाळवून पूड करायची. काही उत्पादक आजही असं करतात, बाकीचे प्रयोगशाळेत वाढवलेलं विरजण वापरतात. फ्रेंच संशोधकांनी जनुकीय अभ्यासातून दाखवलं, की निळ्या चिजाच्या बुरशीचे दोन मुख्य गट वेगवेगळे माणसाळवले गेले : एक रोकफोरचा, दुसरा जगातल्या बाकी बहुतेक निळ्या चिजांचा. दुसऱ्या गटातले वाण जवळजवळ एकमेकांच्या प्रतिकृती आहेत. रोकफोरच्या गटात विविधता जास्त आहे. हे वाण चिजात सावकाश वाढतात आणि पावावर भरपूर बीजाणू देतात, म्हणजे शीतपेट्या नसलेल्या काळाच्या गरजांना साजेसे गुण त्यांनी राखले आहेत. स्थानिक वाणच वापरण्याचा नियम नसता तर ही विविधता टिकली असती असं वाटत नाही. एकच वाण वारंवार अलैंगिक पद्धतीनं वाढवत राहिलं की त्याची लैंगिक प्रजननाची क्षमता घटते, आणि फ्रान्सच्या सीएनआरएस या संशोधनसंस्थेनं २०२४ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यामुळे आल्प्समधल्या तेर्मिन्योंसारख्या ठिकाणी, बाहेरून बुरशी न घालता बनणाऱ्या चिजात सापडलेला तिसरा गट मोलाचा आहे.

रोकफोर विकत घेणार असाल तर वेष्टनावर लाल मेंढीचा शिक्का पाहा, तो उत्पादकांच्या संघाचा आहे. यात प्राणिज रेनेट असतं, म्हणून कडक शाकाहारी मंडळींनी टाळावं. दूध कच्चं असल्यामुळे लिस्टेरिया या जिवाणूच्या संसर्गाचा धोका असतो, त्यामुळे गरोदर स्त्रियांनी खाऊ नये. फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा आणि खाण्याआधी तासभर बाहेर काढा. सुरीनं गोळा चिरडतो, बारीक तारेनं कापला तर निळ्या रेघा शाबूत राहतात. बुरशी मध्यभागी दाट आणि कडेला विरळ असते, म्हणून केकसारखे मध्यापासून कडेपर्यंत तुकडे पाडावेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन्ही भाग येतात.