प्रवाहेतर अर्थशास्त्र

बाजाराचा समतोल आणि नफा-तोटा मोजून वागणारी व्यक्ती, या दोन गृहीतकांवर उभ्या असलेल्या मुख्य प्रवाहाबाहेरील विचारपरंपरांचे सामायिक नाव. मार्क्सवादी, उत्तर-केन्सवादी, संस्थावादी, स्त्रीवादी, पर्यावरणीय अशा शाखा त्यात येतात. त्यांचे आपसातही फारसे पटत नाही.

विद्यापीठांत या शाखांचा ऱ्हास झाला. त्याचे कारण वादातली हार, असे सरसकट म्हणता येत नाही. भांडवल मोजण्यावरून झालेल्या केंब्रिज वादात मुख्य प्रवाहातले पॉल सॅम्युअल्सन यांनी १९६६ मध्ये कबूल केले, की व्याजदर घसरत असताना सोडून दिलेले उत्पादनतंत्र पुन्हा फायद्याचे ठरू शकते. पाठ्यपुस्तके मात्र जुन्याच मांडणीवर चालत राहिली. खरी गळती नेमणुकांत झाली. ठरावीक नियतकालिकांतला लेख म्हणजे गुणवत्ता, त्यावरून प्राध्यापकपद आणि प्राध्यापक नाही म्हणून पीएचडीला मार्गदर्शक नाही. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाने २००३ मध्ये अर्थशास्त्र विभाग दुभंगला आणि प्रवाहेतर गट ज्यात होता तो भाग २०१० मध्ये बंद केला. दरम्यान २००८ चे जागतिक आर्थिक संकट येऊन गेले. उत्तर-केन्सवादी हायमन मिन्स्की यांचे नाव तेवढ्यापुरते सर्वतोमुखी झाले.

नागपूरकरांना ही परंपरा परकी नाही. जवळच्या वर्ध्यात १९३४ पासून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी ग्रामोद्योग संघाचे काम उभारले. लहान शेतीवरील १९१८ च्या लेखात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवले, की प्रश्न नुसत्या एकरांचा नाही. अवजारे-भांडवल तोकडे आणि जमिनीवर रिकामे हात फार. उपाय म्हणून त्यांनी औद्योगिकीकरण सुचवले. कुमारप्पांची वाट याच्या बरीचशी उलट, तरी दोघेही याच नोंदीत बसतात!

भावामागची देणी-घेणी तपासणाऱ्या या विचारपद्धतीचा उपयोग विदर्भातील कापसावर पाहता येतो. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. म्हणून भाव समजायला रुईसोबत सरकीचा दरही धरावा लागतो. पुढे विचारायचे: पेरणीला उधारी कोणाची? घरी कापूस किती दिवस ठेवता येतो? हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांवर ओलावा असलेला माल घेत नाहीत, त्यामुळे पैशांची निकड असलेला शेतकरी ओला कापूस व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. नेहमीची चूक म्हणजे बाजार समितीच्या हंगामी सरासरी भावावर भिस्त ठेवणे. घाईने विकणारा आणि थांबू शकणारा त्यात एकच दिसतात. आवकेच्या वजनाने महिनावार भाव काढावा आणि कर्जदार-बिनकर्जदार वेगळे मांडावेत.

पुढची शक्यता अशाच कामात जास्त दिसते. केवळ मुख्य प्रवाहावरील टीकेवर अभ्यासक्रम उभा राहत नाही. सांख्यिकी कच्ची असलेला विद्यार्थी तर दोन्हीकडे अडतो.