पोटातलं ॲसिड शोधणारा डॉक्टर प्राऊट

ॲसिडिटी झाली की आपण गोळी चघळतो नाहीतर थंड दूध पितो, आणि पोटात ॲसिड असतं हे तर शाळकरी पोरांनाही माहीत असतं. पण ते नेमकं कुठलं ॲसिड यावर दोनशे वर्षांपूर्वी डॉक्टर लोकांत चांगलीच जुंपली होती. कोणी म्हणे दह्यातलं लॅक्टिक, कोणी म्हणे व्हिनेगरमधलं, काहींच्या मते तर पोटात स्वतःचं असं ॲसिड नसतंच, अन्न आंबतं म्हणून आंबटपणा येतो. हे कोडं सोडवलं विल्यम प्राऊटनं.

प्राऊट जन्मला १७८५ मध्ये इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये, १८११ ला एडिनबरामधून एमडी झाला आणि लंडनला प्रॅक्टिस करायला लागला. दिवसा पेशंट बघायचे आणि उरलेल्या वेळात केमिस्ट्री. बरं, याचा कच्चा माल काय, तर लघवी, मुतखडे, उलट्या, म्हणजे बाकीचे लोक नाक दाबून फेकून देतील असं सगळं! १८१५ मध्ये तर त्यानं बोआ सापाची विष्ठा तपासली आणि त्यात सुमारे ९० टक्के युरिक ॲसिड निघालं. पालीची लेंडी बघितली असेल तर तिच्या टोकाला पांढरा ठिपका असतो ना, तेही युरिक ॲसिडच. नंतर लघवीतला युरिया त्यानं इतका शुद्ध काढला आणि त्याचं पृथक्करण इतकं नीट केलं की १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्योलरनं प्रयोगशाळेत युरिया बनवला तेव्हा तो खरंच युरिया आहे का हे पडताळायला प्राऊटचेच आकडे वापरले. व्योलरचं नाव पुस्तकात येतं, प्राऊटचं येत नाही, हे मला जरा खटकतं.

आता पोटाकडे येऊ. त्यानं ससा, घोडा, वासरू, कुत्रा यांच्या जठरातला रस घेतला, शिवाय अपचनाच्या पेशंटच्या उलट्याही. रसाचे सारखे भाग केले. एक भाग आटवून जाळला, की सुटं ॲसिड उडून जातं आणि मिठासारख्या क्षारांत अडकलेलं क्लोरीन तेवढं मागे राहतं, ते मोजलं. दुसऱ्या भागात आधी भरपूर अल्कली (ॲसिडचा आंबटपणा मारणारा पदार्थ) घातला, म्हणजे ॲसिडही पकडलं गेलं, मग आटवून जाळून एकूण क्लोरीन मोजलं. तिसऱ्या भागात माहीत असलेल्या ताकदीचा अल्कली हळूहळू घालत आंबटपणा कधी संपतो ते बघितलं. एकूण क्लोरीनमधून क्षारांतलं वजा केलं की उरतं ते सुट्या ॲसिडमधलं, आणि ते तिसऱ्या भागातल्या आंबटपणाशी जुळलं, म्हणजे सुटं ॲसिड हे क्लोरीनवालं हायड्रोक्लोरिकच, दुसऱ्या कशाची गरजच उरत नाही. डिसेंबर १८२३ मध्ये हे त्यानं रॉयल सोसायटीपुढे मांडलं. (गंमत बघा, सगळी मूलद्रव्यं हायड्रोजनपासून बनलीत आणि त्यांचे अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असतात अशी कल्पनाही याच माणसाची, ती आधी निनावी छापली होती, आणि तिला सगळ्यात जास्त छळलं ते याच क्लोरीननं, कारण त्याचा अणुभार साडेपस्तीसच्या आसपास! त्यात ३५ आणि ३७ वजनाची दोन आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) मिसळलेली असतात हे फार उशिरा कळलं.)

लोकांनी लगेच मानलं असं मात्र नाही. जर्मनीत टीडमान आणि ग्मेलिन यांनाही हायड्रोक्लोरिक सापडलं, पण फ्रेंच मंडळी लॅक्टिकलाच धरून बसली. वाद पुरता मिटला तो १८५२ मध्ये बिडर आणि श्मिट यांच्या मोजमापांनी, आणि प्राऊट १८५० मध्येच गेला होता.

मला स्वतःला त्याचं १८२७ चं काम जास्त भारी वाटतं. अन्नातले मुख्य पदार्थ त्यानं तीन गटांत टाकले, साखरेसारखे, तेलकट आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे. म्हणजे आजच्या डाएट चार्टवरचे कार्ब्स, फॅट आणि प्रोटीन. आधार काय घेतला, तर दूध. पिल्लाला वाढवायला निसर्गानंच बनवलेलं अन्न, आणि त्यात हे तिन्ही असतात, म्हणून पूर्ण आहार म्हणजे काय ते दुधावरून ठरवायचं, असं त्याचं म्हणणं. या कामाला त्याच वर्षी रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं. पुढे त्यानं यादीत पाणीही घातलं. व्हिटॅमिन हा प्रकार कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.