सुमेरियन संस्कृती

टायग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या खालच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये, इ.स.पू. चौथ्या सहस्रकात उदयाला आलेली आणि इ.स.पू. २००४ च्या सुमारास ऊर नगरीच्या पाडावाबरोबर राजकीयदृष्ट्या संपलेली नागर संस्कृती. ‘सुमेर’ हे नाव शेजारच्या अक्कडी भाषेतले. तिथले लोक आपल्या देशाला ‘केंगिर’ आणि स्वतःला ‘काळ्या डोक्यांचे’ म्हणत. त्यांच्या भाषेचे नाते ज्ञात असलेल्या दुसऱ्या कोणत्याही भाषेशी जुळत नाही.

या प्रदेशात दगड नाही, इमारती लाकूड नाही, धातू तर नाहीच. पाऊस इतका तोकडा की पाटाच्या पाण्यावाचून पीक उभे राहत नसे. हाताशी होता तो नदीचा गाळ आणि दलदलीतले बोरू. घरे, तटबंद्या, झिगुरात नावाची पायऱ्यापायऱ्यांची मंदिरे, इतकेच काय, कापणीचे विळेसुद्धा त्यांनी मातीचेच केले. शेतात सातू आणि खपली गहू, बांधावर खजूर, गावाबाहेर मेंढ्या. सातूची दारू हे तर रोजचे पेय, आणि मजुरीही बहुधा सातूतच मिळे.

लिहिण्याची कलाही याच धान्याच्या देवघेवीतून आली. उरुक येथे इ.स.पू. ३३०० च्या आसपासच्या आणि पुढल्या काळातल्या सुमारे ५,००० मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यांत स्तोत्र नाही, राजाची प्रशस्ती नाही. किती सातू आला, कोणाला किती दिला, मेंढ्या किती, अशा नोंदी आहेत. उरलेल्या बहुतेक पाट्या शिकाऊ कारकुनांसाठीच्या शब्दयाद्या. माणसाचे डोके आणि शेजारी वाडगा असे चिन्ह काढले की ‘शिधा’. तसे ओबडधोबड वाडगे उरुकमध्ये ढिगांनी मिळतात. ओल्या मातीवर रेघ ओढण्यापेक्षा बोरूचे टोक दाबणे सोपे, म्हणून चित्रांच्या पाचरी झाल्या आणि क्यूनिफॉर्म लिपी घडली. कविता या लिपीत उतरायला पुढे कित्येक शतके गेली. धान्य आणि लेखन या दोहोंची देवताही एकच होती : निसाबा. हिशेब ६० च्या पटीत चालत. आपल्या घड्याळातली साठ मिनिटे हा त्याच गणिताचा वारसा.

लेखनिक घडवणाऱ्या शाळेला ‘एदुब्बा’, म्हणजे पाट्यांचे घर, म्हणत. तिथल्या एका लोकप्रिय पाठात विद्यार्थी दिवसभर छड्या खातो : उशिरा आला म्हणून, न विचारता बोलला म्हणून, अक्षर वाईट म्हणून. शेवटी बाप गुरुजींना घरी जेवायला बोलावतो, नवे वस्त्र आणि अंगठी देतो, आणि त्याच मुलाच्या हुशारीचे गोडवे गुरुजींच्या तोंडून सुरू होतात. हा पाठ मुलांकडूनच उतरवून घेत, हे विशेष.

सुमेर हे एकसंध राज्य बहुतेक काळ नव्हते. एरिदू, उरुक, ऊर, लगश, उम्मा, निप्पूर अशी नगरराज्ये, प्रत्येकाचा आपला देव. निप्पूरच्या एन्लिलचा मान मात्र सर्वांना मान्य. लगश आणि उम्मा ही नगरे शिवेवरच्या जमिनीसाठी आणि पाटाच्या पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडली. लगशचा राजा एआन्नातुम याच्या विजयाची शिला (सुमारे इ.स.पू. २४५०) आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, तिच्यावर गिधाडे शत्रूंची मुंडकी नेताना दिसतात. कर्जापायी दास झालेल्यांच्या सुटकेला लगशच्या लेखांत ‘अमर्गी’ म्हटले आहे. शब्दशः अर्थ ‘आईकडे परतणे’. मराठी वाचकाला माहेर आठवले तर नवल नाही.

उम्माच्या लुगालझागेसीने लगश जाळले, तेव्हा तिथल्या लेखनिकाने जाळलेल्या देवळांची यादी करून ते पाप त्याच्या देवीच्या, निसाबाच्याच, माथी मारले. पुढे उत्तरेकडच्या अक्कडचा राजा सारगॉन याने लुगालझागेसीला गळ्यात खोडा अडकवून एन्लिलच्या दारात उभे केले. सारगॉनची कन्या एन्हेदुअन्ना ऊरच्या चंद्रमंदिराची प्रमुख पुजारीण होती. इनान्ना देवीची स्तोत्रे तिच्या नावावर असून ती जगातली नावाने ज्ञात असलेली पहिली साहित्यिक मानली जाते.

आपल्या धक्क्याला मेलुहाची गलबते लागतात, अशी फुशारकी सारगॉनने मारली आहे. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळात ऊरचे उत्खनन केले, तेव्हा तिथल्या राजथडग्यांत सिंधू प्रदेशातले लाल कार्नेलियनचे मणी निघाले. त्याच दफनभूमीतल्या एका खड्ड्यात ७४ सेवकांचे सांगाडे होते, पैकी ६८ स्त्रियांचे.

ऊरच्या तिसऱ्या राजवंशात राजा उर-नम्मूच्या नावाची, उपलब्ध असलेली सर्वांत जुनी कायदेसंहिता तयार झाली. डोळ्याबदली डोळा नव्हे, तर दुखापतीबद्दल चांदीचा दंड हे तिचे सूत्र. याच काळात दफ्तर अफाट वाढले. जमीन मात्र पाणी लागून क्षारपड होत होती आणि खपली मागे पडून खार सोसणारा सातूच उरत होता. राज्याच्या ऱ्हासात याचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. शेवटी पूर्वेकडच्या, आजच्या इराणमधल्या, एलमच्या सैन्याने ऊर लुटले.

बोलीतून भाषा गेली, पण बॅबिलोनचे पंडित ती संस्कृतसारखी पाठ करीत राहिले. त्यांच्या द्विभाषिक शब्दयाद्यांवरूनच एकोणिसाव्या शतकात विद्वानांना तिचा माग लागला आणि १८६९ मध्ये झ्यूल ओपेर यांनी तिला ‘सुमेरियन’ हे नाव दिले.