आखून राहिलेली रेल्वे आणि मनाने रचलेली रेल्वे

नॅरोगेजचा लेआउट, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेची फळीवरची छोटी प्रतिकृती करायची, पण प्रत्यक्षात धावलेला मार्ग हुबेहूब उभारायचा नाही, असं ठरलं की दोन वाटा उरतात. आखणी होऊनही बांधला न गेलेला मार्ग घ्यायचा, नाहीतर सगळंच मनाने रचायचं. दोन्हींना सरसकट ‘काल्पनिक’ म्हणतात, पण काम अगदी वेगळं आहे.

वेल्समधलं पोर्टमॅडॉक, बेडगेलर्ट अँड साउथ स्नोडन रेल्वेचं उदाहरण बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कंपनीने विजेवरचा मार्ग बांधायला घेतला. विजेच्या गाड्यांना झेपेल म्हणून बेडगेलर्ट गावाजवळ १:२८ (२८ फुटांत एक फूट) इतका तीव्र चढ आखला. काम अर्धवट राहिलं. पुढे १९२३ मध्ये वेल्श हायलँड रेल्वेने मार्ग पुरा केला तो वाफेच्या इंजिनांसाठी, आणि त्यांच्यासाठी नागमोडी वळणं घेऊन चढ १:४० वर आणावा लागला. जुन्या आखणीतला एक पूल आजही तिथे रुळांवाचून उभा आहे.

आता एवढंच बदला: काम थांबलंच नाही. लगेच वळणं गेली, चढ सरळ झाला, अ‍ॅबरग्लासलिनच्या घळीत विजेचे खांब आले, पाण्याच्या टाक्यांची गरज संपली. डोंगर, गाव, नदी मात्र जिथल्या तिथेच. या प्रकाराची सगळी गोडी मला त्यातच वाटते. एक निर्णय तुमचा, बाकी सगळं नकाशाच्या हुकमात. आखणीत स्टेशन गावाबाहेर असेल, तर फळीवर जागा असूनही ते गावात आणायचं नाही.

मनाने रचलेल्या मार्गाला असा धनी नसतो. माल कोणता, पैसा कुणाचा, ब्रॉडगेज का नाही, हे आधी तुम्हीच ठरवायचं. इथे खऱ्या अभियंत्याची सवय उसनी घ्यावी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी बार्शी लाइट रेल्वे उभारली आणि नंतर इंग्लंडमध्ये ७६२ मिलिमीटर गेजचीच लीक अँड मॅनिफोल्ड. ती १९०४ मध्ये सुरू झाली. तिथल्या इंजिनांवर हिंदुस्थानी थाटाचे भलेमोठे दिवे होते. तुमच्या रचलेल्या रेल्वेचा अभियंता आधी कुठे काम करून आला हे ठरलं, की इंजिनांचा तोंडवळा आणि डब्यांची ठेवण आपोआप ठरत जाते.