क्लच, ड्रॅग शर्यतीच्या मोटारसायकलचा

स्थिर अवस्थेतून सरळ व आखूड अंतर कमीत कमी वेळात कापण्याच्या (ड्रॅग) शर्यतीसाठी मोटारसायकलच्या क्लचमधील (इंजिन व गिअरपेटी जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागातील) दोष शोधणे व त्याची टॉर्क (फिरविण्याचा जोर) वाहण्याची क्षमता वाढविणे, एवढाच विषय या नोंदीत घेतला आहे. या शर्यतीचे रूढ अंतर पाव मैल, म्हणजे सु. 402 मी. असून भारतात सु. 300 मी. अंतरावरही शर्यती होतात.

बहुपट्टी (अनेक प्लेटा असलेल्या) क्लचच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. ब्रिटिश अभियंते हेन्री सेल्बी हेले-शॉ (1854–1941) यांना ते देण्याची प्रथा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी व्ही आकाराची वर्तुळाकार खाच असलेल्या, तेलात फिरणाऱ्या प्लेटांचा क्लच प्रचारात आणला. तथापि एकाआड एक चकत्या दाबून शक्ती वाहून नेण्याची योजना वेस्टन यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकातच यंत्रसामग्रीत रूढ झाली होती. त्यामुळे हेले-शॉ यांचे श्रेय तेलाचा वापर व वाहनांतील प्रसार यांपुरते मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ड्रॅग शर्यतीच्या आरंभाबाबतही असाच मतभेद आहे. काही लेखक कॅलिफोर्नियातील गोलिटा येथे 1949 मध्ये झालेल्या चढाओढीला पहिला मान देतात, तर काही सँता ॲना येथील विमानतळावर 1950 मध्ये सुरू झालेल्या नियमित शर्यतींना. कोरड्या सरोवरांच्या तळांवरील वेगचाचण्या त्याहून जुन्या आहेत. परंतु त्यांत गाडी धावत येऊन कमाल वेग मोजला जाई, म्हणून क्लचच्या इतिहासात त्यांना गौण स्थान द्यावे लागते.

क्लचची टॉर्कक्षमता घर्षणगुणांक, घर्षणपृष्ठांची संख्या, स्प्रिंगांचा एकूण दाब आणि प्लेटांची सरासरी त्रिज्या या चार राशींच्या गुणाकाराएवढी असते. शर्यतीच्या आरंभी मात्र क्लच काही क्षण घसरावाच लागतो, कारण इंजिन त्याच्या शक्तीच्या टप्प्यात फिरत असते आणि मागचे चाक अद्याप थांबलेले असते. 1985 ते 1996 या काळात भारतात तयार झालेल्या व कोल्हापूर–सांगली पट्ट्यात आजही मागणी असलेल्या यामाहा आरएक्स 100 या 98 घसेंमी. द्विधाव (टू-स्ट्रोक) गाडीचे उदाहरण घेता येईल. हिची कमाल शक्ती सु. 11 अश्वशक्ती असून ती मिनिटाला सु. 7,500 फेऱ्यांना मिळते. गाडी व स्वार मिळून वस्तुमान 170 किग्रॅ. धरले आणि क्लच ताशी 36 किमी. वेगाला पूर्ण जुळला, तर तोवर गाडीला मिळालेली गतिज ऊर्जा 8.5 किलोजूल असते. इंजिनाचे फेरे या काळात स्थिर राहिले आणि हवेचा व रस्त्याचा रोध दुर्लक्षिला, तर तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन उरते. ती सर्व अर्धा किग्रॅ. पोलादी प्लेटांत गेल्यास त्यांचे सरासरी तापमान सु. 35° से. वाढते, प्रत्यक्ष घर्षणपृष्ठावर ही वाढ क्षणभर कितीतरी अधिक असते. दोन धावांमध्ये क्लच निवू दिला नाही, तर ही वाढ साचत जाते.

दोषनिदान : वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, हे क्लच सरकत (घसरत) असल्याचे लक्षण होय. प्रथम केबलची ढिलाई पाहावी. लिव्हरच्या टोकाशी मोकळी हालचाल मुळीच नसेल, तर स्प्रिंगांचा दाब प्लेटांपर्यंत पूर्ण पोहोचत नाही, आणि सुस्थितीतल्या प्लेटा विनाकारण बदलल्या जातात. त्यानंतर तेल तपासावे. मोटारींसाठीच्या घर्षण कमी करणाऱ्या तेलांमुळे ओले (तेलात फिरणारे) क्लच सरकू लागल्याने जपानमध्ये 1998 साली जासो टी 903 हे मानक निघाले. त्यातील एमए व पुढे आलेली एमए2 ही श्रेणी चारधाव (फोर-स्ट्रोक) गाड्यांच्या क्लचला योग्य ठरते. द्विधाव गाडीत गिअरपेटीचे तेल वेगळे असल्याने तेथे निवडीला अधिक वाव असतो. निळसर पडलेली पोलादी प्लेट अतितापाची खूण आहे. प्लेटेचा बाक ती सरफेस प्लेटवर (अचूक सपाट फरशीवर) ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजतात. ग्राह्य मर्यादा गाडीच्या प्रतिमानानुसार (मॉडेलनुसार) 0.05 ते 0.3 मिमी. अशी बदलते. क्लच नीट सुटत नसेल, तर बास्केटच्या (प्लेटा सामावणाऱ्या बाहेरच्या पिंजऱ्याच्या) बोटांवर प्लेटांच्या कानांनी पाडलेल्या खाचा पाहाव्यात. हलक्या खाचा कानसीने सपाट करता येतात, परंतु खोल खाचा घासून काढल्यास प्लेटांना आडवी मोकळीक मिळते व धक्का वाढतो.

फेरबदल : कडक स्प्रिंगा बसविणे हा सर्वांत सोपा व म्हणून सर्वांत प्रचलित उपाय आहे. दाब दहा टक्के वाढला की क्षमताही दहा टक्के वाढते, पण लिव्हर जड होते आणि क्लच हळुवार सोडणे अवघड होते. मूळ स्प्रिंगखाली वॉशर घालण्याची युक्ती स्वस्त असली, तरी लिव्हर पूर्ण दाबल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकणार नाहीत याची खात्री केल्याशिवाय ती करू नये. घर्षण प्लेटा (पोलादी प्लेटांच्या एकाआड एक बसणाऱ्या, अस्तर लावलेल्या) पाचांवरून सहा केल्यास पृष्ठे दहावरून बारा होतात आणि त्याच दाबात क्षमता वीस टक्के वाढते. मात्र प्रेशर प्लेट (स्प्रिंगांचा दाब प्लेटांवर देणारी तबकडी) 1.5 मिमी. उचलली जात असेल, तर दर पृष्ठामागची फट 0.15 वरून 0.125 मिमी.वर येते, शिवाय जागा करण्यासाठी पोलादी प्लेटा पातळ घ्याव्या लागल्यास त्या लवकर तापतात. तरीही प्लेटा सपाट असतील तर हा मार्ग कडक स्प्रिंगांपेक्षा श्रेयस्कर वाटतो, कारण त्यात स्वाराचा लिव्हरवरील ताबा कायम राहतो. कॉर्कमिश्रित अस्तर मऊपणे जुळते पण अतितापात जळते. सिंटर केलेल्या (भुकटी दाबून व तापवून घट्ट केलेल्या) धातूचे अस्तर उष्णता सोसते, मात्र एकदम पकडते. फेऱ्यांबरोबर केंद्रोत्सारी भुजांनी दाब वाढविणारा लॉक-अप क्लच परदेशी शर्यतींत आढळतो. स्लिपर क्लचचा (चाकाकडून इंजिनाकडे उलटा जोर आला की घसरणाऱ्या क्लचचा) उपयोग गिअर उतरविताना असल्याने येथे तो नगण्य आहे.

कोल्हापूर : शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतील यंत्रशाळा तेलइंजिनांच्या भागांवर वाढल्या, लेथ, सरफेस ग्राइंडर आणि ओतकाम एकाच परिसरात मिळत असल्याने प्रेशर प्लेट घासून घेणे किंवा हबचा (प्लेटांच्या मधल्या तुंब्याचा) भाग करून घेणे येथे सुकर आहे. ओतीव ॲल्युमिनियमचे बास्केट वेल्डिंगने जोडणे मात्र टाळावे, कारण तुटलेले बोट थेट गिअरांत जाते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 189 नुसार गुन्हा असून 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.